माझ्या वेणीवरची सम

आमच्या घरात ताल कोणालाच नव्हता. हे मी विनयानं म्हणत नाही, अनुभवानं म्हणते. गणपतीत आम्ही सगळे टाळ्या वाजवत आरतीला उभे राहिलो की पहिल्या कडव्याला सगळ्यांची मिळून एक टाळी ऐकू यायची, दुसऱ्याला दोन, आणि शेवटाकडे तर रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की आत कोणी लाह्या भाजतंय. बाबा पुढे पळायचे, कारण त्यांना ऑफिस गाठायचं असायचं. आई मागे राहायची, कारण तिचं अर्धं लक्ष चुलीवरच्या कढईत. मी मधे झांज घेऊन उभी. एकदा बाबांना साथ द्यायची, एकदा आईला, म्हणजे दोघांचीही मनं राखली जात. हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत ही आरती प्रसिद्ध होती. शेजारच्या वेंकटलक्ष्मम्मा प्रसादाला यायच्या त्या आरती संपल्याची खात्री करूनच. त्या लहानपणी मद्रासकडे रीतसर गाणं शिकलेल्या, त्यांना ते ऐकवत नसे.

अपवाद एकच, मालूआत्या. बाबांची धाकटी बहीण, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची आणि आमच्याकडेच राहायची. तिचं लग्न हा घरात हळू आवाजात बोलायचा विषय होता आणि ती स्वतः त्यावर मोठ्यानं हसायची. तिचा आवाज गोड होता, तंबोरा तिचा तिनं घेतला होता, फक्त तिला ठेका धरायला कोणी मिळत नव्हतं. रोज पहाटे तबलजी कुठून आणणार? तेव्हा तिनं घरभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. ‘शकूला तबला शिकवू या,’ ती म्हणाली. आईची पोळी तव्यावरच राहिली. ‘मुलीच्या जातीनं डग्गा बडवायचा? उद्या बघायला येणारी माणसं काय म्हणतील?’ आत्या म्हणाली, ‘मला बघायला आलेल्या माणसांना मी पोहे केले, भरतकाम दाखवलं, खाली मान घालून बसले. काय झालं? हिला निदान तबला तरी येऊ दे.’ तोवर पोळी करपली. अशी माझ्या शिक्षणाला सुरुवात झाली.

शिकवायला जब्बारमियाँ यायचे, सायकलवरून. सायकल त्यांच्याहून उंच होती की ते सायकलहून बुटके होते, हे आम्हा पोरांना कधी ठरवता आलं नाही. शेरवानीची वरची गुंडी सदा तुटलेली, पण टोपी इस्त्रीची. तोंडात पान असायचं, त्यामुळे अर्धे बोल पानातून आणि अर्धे हातातून समजून घ्यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे पंजे उलटेसुलटे करून पाहिले आणि आत्याला म्हणाले, ‘हाथां तो अच्छे हैं, बाई. दिमाग का मालूम नै.’ आईनं त्यांच्यासाठी एक वेगळी कपबशी कोनाड्यात ठेवली होती. त्या काळी आमच्यासारख्या घरांतून असायची तशी. आत्यानं आठ दिवसांच्या आत ती घासून बाकीच्या कपबश्यांत मिसळून टाकली. सगळ्या एकाच दुकानातल्या, एकाच निळ्या काठाच्या. त्यातली कुठली वेगळी हे आईला ओळखता येईना आणि सगळ्याच वेगळ्या ठेवायच्या तर घरच्यांनी चहा कशातून प्यायचा? दोन दिवस आई भांड्यातून चहा प्यायली, तिसऱ्या दिवशी तिनं तो विषय सोडून दिला.

मला वाटत होतं, तबला म्हणजे वाजवायचा. जब्बारमियाँनी कितीतरी दिवस त्याला हातच लावू दिला नाही. आधी तोंडानं बोलायचं, हातानं टाळी द्यायची. तीनताल म्हणजे सोळा मात्रा, चार-चारांचे चार भाग. पहिल्या मात्रेला सम, तिथे टाळी; नवव्या मात्रेला खाली, तिथे टाळी द्यायची नाही, हात नुसता हवेत झटकायचा. ‘सम मालक है,’ ते म्हणायचे, ‘घर कू आताच है. खाली पे घर में कोई नै रैता, डग्गा बंद.’ डग्ग्याचा घुमारा त्या जागी थांबतो, त्यावरून आंधळ्यालासुद्धा कळावं की आपण कुठे आहोत. मला कळत नसे. मग त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवलं. करंगळीची तीन पेरं आणि टोक मिळून चार, मग अनामिका, मग मधलं बोट, मग तर्जनी. झाल्या सोळा, म्हणजे एक आवर्तन. मधल्या बोटावर आलं की खाली. आज या बोटांना संधिवात आहे, तरी दूध तापत ठेवलं की माझा अंगठा आपोआप पेरांवर फिरू लागतो. किती आवर्तनांत उकळी येते ते मला माहीत आहे. सुनेला सांगितलं तर ती म्हणते, ‘आई, गॅस बारीक करा.’

घरभर बोल पसरले. मी केर काढताना झपताल म्हणायची, दोन-तीन-दोन-तीन, त्यामुळे केर अर्धा राहायचा. आई अंबाडीची भाजी घोटताना मी शेजारी बसून दादरा म्हणे, तर ती ओरडायची, ‘परेशान करू नको ग, माझा हात तुझ्या तालात जाऊलालाय, भाजी पांगते!’ बाबांना या सगळ्यात एकच गोष्ट पटली नाही. रूपक तालात पहिल्या मात्रेलाच खाली असते, हे ऐकून ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, ‘म्हणजे हजर व्हायच्या दिवशीच रजा? हे कुठल्या खात्यात चालतं?’ जब्बारमियाँ गंभीरपणे म्हणाले, ‘हमारे खाते में चलता, साहब.’

हे सगळं असं मजेत चाललं असताना भाषेवरून राज्याचे तुकडे करायचं ठरलं. वर्तमानपत्रांत ते मोठ्या शब्दांत यायचं. आमच्या गल्लीत ते सामानाच्या रूपानं आलं. मराठी बोलणाऱ्या सरकारी नोकरांपैकी कोण इकडे राहणार, कोण तिकडे मुंबई राज्यात जाणार, याची रोज नवी बातमी. आज यांची पलंगपेटी टांग्यावर चढली, उद्या त्यांची. काचीगुड्याच्या स्टेशनावरून मनमाडची गाडी सुटायची. तिला निरोप द्यायला जाणं हा आमचा उद्योगच होऊन बसला होता. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी एकेक करून औरंगाबादला, परभणीला गेल्या, आणि जाताना प्रत्येकीनं मला एक-एक सागरगोटा दिला. बाबा सचिवालयात तर्जुम्याच्या खात्यात होते. उर्दूतून इंग्रजी, इंग्रजीतून उर्दू, अधूनमधून मराठी. आता उर्दूचाच कारभार आटोपला म्हटल्यावर त्यांचं काय? ते कोणी सांगेना. बाबा या शहरात जन्मलेले, त्यांचे वडीलही इथलेच. औरंगाबादला ते एकदाच गेले होते, तेही लेणी बघायला, आणि ‘पाणी जड आहे’ म्हणत परत आले होते.

मला मात्र पाण्याची काळजी नव्हती. आईनं एका संध्याकाळी वाती वळताना सहज सांगून टाकलं होतं, ‘तिकडे गेलो की ते तबल्याचं थेर बंद हं. इथे सगळे ओळखीचे, खपून जातं. नव्या गावात लोक नावं ठेवतील. आणि शिकवणार तरी कोण?’ ती रागानं बोलली नव्हती, म्हणूनच मला रडू आलं. तोवर मला तबला आवडतो हे मलाच ठाऊक नव्हतं. त्या रात्री उशीवर बोटं वाजवत मी देवाला सांगितलं की बाबांना इथेच राहू दे, बदल्यात मी गणिताचा अभ्यास करीन. देवानं यातलं फक्त पहिलं ऐकलं, पण ते पुढे येईल.

बाबांचं इथे राहणं-जाणं पुष्कळसं माथुरसाहेबांच्या शब्दावर होतं. ते त्यांचे वरचे अधिकारी, शहरातलं जुनं कायस्थ घराणं, अत्तर, मलमल आणि शुद्ध उर्दू. आणि गाण्याचे मोठे दर्दी. कुठलीही बैठक त्यांच्यावाचून होत नसे. ते पहिल्या रांगेत लोडाला टेकून बसायचे आणि त्यांची मान हलली की गवयाला धन्य वाटायचं, अशी ख्याती. एकदा कामाचे कागद घेऊन गेले असताना बाबांच्या तोंडून निघून गेलं, ‘हुज़ूर, आमच्या गरीबखान्यावरही गाणं-बजावणं चालतं.’ ते माझ्या झपतालाबद्दल आणि केराबद्दल बोलत होते. साहेबांना बैठक वाटली. ‘अच्छा? तो कभी हमें भी याद फ़रमाइए!’ बाबा घरी आले ते थेट पाण्याचा तांब्या तोंडाला लावून. ‘मालू,’ ते म्हणाले, ‘आपल्याकडे बैठक आहे. कधी आणि कोणाची ते तू ठरव.’

आत्यानं आणि जब्बारमियाँनी मिळून ठरवलं. गुलबर्ग्याकडचे शेषगिरीबुवा शहरात आले होते, त्यांना जब्बारमियाँ पूर्वीपासून साथ करीत. रविवारी सकाळी बुवा गातील, साथीला मियाँ, आत्या मागे तंबोऱ्यावर, आणि नंतर आईची खिचडी, चिंचेचा खट्टा, पापड. सगळं जमलं. मग जब्बारमियाँ पानाची पिंक टाकून आले आणि म्हणाले, ‘साहब, एक बात है. गाना रखे, अच्छा किए. मगर सुनना बी आता होना. सम पे मुंडी हलना, नै तो मालूम पड़ जाता.’ बाबा म्हणाले, ‘मान हलवायची ना? हलवतो की.’ आणि आत्याला गायला लावून त्यांनी हलवून दाखवली. ती पाहून मियाँनी कपाळाला हात लावला. बाबांची मान समेखेरीज सगळीकडे हलत होती.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण बाबांना त्या वेळी एक कल्पना सुचली. शकूला ताल कळतो. तिला पुढे बसवायची. तिनं समेला मान हलवली की तिची वेणी हलेल. मागे बसलेल्यांनी वेणी बघायची आणि माना हलवायच्या. ‘ये तो धोका हुआ, साहब,’ जब्बारमियाँ म्हणाले. बाबा म्हणाले, ‘मियाँ, हा तर्जुमा आहे.’ आठवडाभर तालमी झाल्या. आत्या गायची, मी पेरांवर मोजायची, मागे आई, बाबा आणि गल्लीतली उरलीसुरली मंडळी. पहिल्या दिवशी लक्षात आलं की वेणी हलल्यावर माना हलायला अंमळ उशीर लागतो, सगळे समेनंतर चुकचुकल्यासारखे डोलतात. म्हणून मी थोडी आधीच मान हलवायची असं ठरलं. वेणीला लाल रिबन बांधली, म्हणजे चष्मेवाल्यांनाही दिसावी. शनिवारपर्यंत आमची अशी तयारी झाली की आत्या सम घेई आणि मागची सगळी ओळ एका झटक्यात खाली जाई. जन्मात पहिल्यांदा आमच्या घरात चार माणसं एका वेळी एक गोष्ट करीत होती. आई तर हरखून म्हणाली, ‘आपल्याला येतं की!’

रविवारी सकाळी माथुरसाहेब आले. बाहेरच्या खोलीत सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर, साहेबांसाठी लोड. बुवा धिप्पाड, कानात भिकबाळी, बोलायला मऊ. मी लोडाच्याही पुढे बसले, पाठीवर तेल चोपडलेली वेणी, आणि माझ्या शेजारी वेंकटलक्ष्मम्मा. त्या गुडघेदुखीमुळे भिंतीशी बसायच्या ठरल्या होत्या, पण गाणं म्हटल्यावर पुढे सरकल्या. बुवांनी जौनपुरी सुरू केला. ख्याल तीनतालातच होता, पण किती संथ! आमच्या तालमीतला तीनताल दुडक्या चालीचा. बुवांच्या दोन मात्रांमध्ये आई ताक घुसळून आली असती. तरी मी धीर सोडला नाही. अंगठा पेरावर ठेवून एकेक मात्रेची वाट पाहत राहिले. पहिली सम आली, वेणी हलली, मागून ‘वाह!’ उठला. दुसरी आली, तिसरी आली. जब्बारमियाँनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. बाबांनी तर उत्साहाच्या भरात एक ‘सुब्हानअल्ला’ जोडून दिलं, ते तालमीत नव्हतं.

घोटाळा झाला तो वेंकटलक्ष्मम्मांमुळे, म्हणजे त्यांचा दोष काहीच नाही. त्या त्यांच्या पद्धतीनं मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. आधी तळव्याची एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा थाप, पंजा उलटा. त्यांचीही सुरुवात करंगळीकडून आणि माझीही. माझी नजर एकदा तिकडे गेली मात्र! करंगळी त्यांची की माझी, थाप कोणाची, काही कळेना. माझी करंगळी संपली आणि मी अनामिका आणि मधलं बोट सोडून एकदम तर्जनीवर येऊन बसले. तर्जनी संपायच्या सुमारास ठरल्याप्रमाणे मान हलवली. मागच्या सगळ्या माना खाली गेल्या, ‘वाह! क्या बात है!’ झालं. आणि नेमका तिथे डग्गा गप्प. ती खाली होती. आमच्या घरच्यांनी, साहेबांसह, रिकाम्या घराला मुजरा केला होता.

आता दुरुस्त करायचं तर खऱ्या समेला पुन्हा मान हलवायला हवी, म्हणजे मंडळी अर्ध्या वाटेत दुसऱ्यांदा डोलणार आणि सगळं बिंग फुटणार. नाही करावं तर चूक चालूच. मी तशीच पुढे मोजत राहिले, आणि दर आवर्तनाला तेच. बुवा मोठ्या मेहनतीनं मुखडा घेऊन समेवर येत, तर समोर स्मशानशांतता. सगळे माझी वेणी बघत बसलेले. बुवा आलापात कुठेतरी मधेच असत, तर एकदम वाहवा. बुवांच्या भुवया वर चढू लागल्या. तंबोऱ्यावर बसलेली आत्या लालबुंद होऊन माझ्याकडे डोळे वटारत होती, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. बाबा सगळ्यांत खूश. त्यांचं ‘सुब्हानअल्ला’ दर खालीला न चुकता येत होतं. ताल नसलेल्या माणसाचा इतका नेमकेपणा मी पुन्हा पाहिला नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र टांग्यावर चढलेली आमची पलंगपेटी दिसू लागली, आणि काचीगुड्याचा फलाट.

आणि मग ते झालं. माझी मान हलली, माना खाली गेल्या, आणि त्याच जागी, जिथे डग्ग्यानं गप्प राहायला हवं तिथे, तो भरघोस घुमला. धा! बुवांनी दचकून जब्बारमियाँकडे पाहिलं. जब्बारमियाँ शांतपणे मान डोलावत होते, हीच तर सम, अशा चेहऱ्यानं. बुवांनी आमच्याकडे पाहिलं. सगळी खोली डोलत होती. एवढी माणसं चुकतील कशी? बुवांनी चालू असलेली तान मधेच गिळली, गळा साफ केला, आणि पुढच्या खेपेला मुखडा घेऊन आले ते बरोबर माझ्या वेणीवर. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटलं, बुवाच चुकले असणार आणि मियाँनी त्यांना सावरून घेतलं. साथीला बसणारे कधीकधी तसं करतात, हे मी ऐकून होते. मग मी बरोबर होते की काय? जीव असा हलका झाला की पुढचा सगळा ख्याल मी पेरांशिवाय मोजला, आणि तो चुकला नाही.

गाणं संपल्यावर बुवांनी जब्बारमियाँचा हात दोन्ही हातांत धरला आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘माफ करा मियाँ, आज वयानं दगा दिला. तुम्ही होता म्हणून अब्रू राहिली.’ जब्बारमियाँ जमिनीकडे बघत नुसते ‘नै नै बुवा’ करीत राहिले. ते खिचडीलाही थांबले नाहीत. तबला गवसणीत घातला, सायकल काढली आणि गेले. माथुरसाहेब मात्र पोटभर जेवले, खट्टा दोनदा मागून घेतला. ‘ऐसे सुननेवाले हैदराबाद में अब कहाँ रहे!’ ते बाबांना सांगत होते. हात धुवायला ते मोरीशी आले, तिथे पाणी घालायला मी उभी होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून माझ्या कानाशी म्हणाले, ‘बेटी, सारी उम्र दूसरों की गर्दनें देख-देखकर दाद दी है. गर्दनें भीड़ में छुप जाती हैं. तुम्हारी चोटी बहुत साफ़ दिखती है.’ आणि माझ्या हातातून रुमाल घेऊन, मिशा टिपत, लोडाकडे परत गेले.

त्यानंतर शहरात जिथे बैठक असेल तिथे साहेबांचं बोलावणं येऊ लागलं. ‘अपनी बिटिया को ज़रूर लाइए’ हे त्यात असायचंच. हिमायतनगरात, आबिड्सच्या मागे, कुणाकुणाच्या दिवाणखान्यांत मी पुढे बसले आणि साहेबांची ख्याती सांभाळली. बाबांना त्यातलं मर्म कधी कळलं नाही, मी सांगितलंही नाही. त्यांची समजूत होती की साहेबांना आमचं खानदान रसिक वाटतं. पण हे पुढचं. त्या रविवारनंतर जब्बारमियाँ आलेच नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आत्या म्हणाली, ताप असेल. आई म्हणाली, ‘बरं नसेल तर कढी तरी पाठवावी,’ आणि ती स्वतःच असं म्हणाली याचं आम्हाला नवल वाटलं. मी एकटीच तबल्यासमोर बसून ठेके धरायची आणि सायकलच्या घंटीकडे कान लावायची. बाबांचं काय होणार ते अजून कळलं नव्हतं, आणि मियाँही नाहीत. त्या दिवसांइतकी घाबरलेली मी पुढे माझ्या लग्नातही नव्हते.

मग एक दिवस बाबा नेहमीपेक्षा लवकर घरी आले, चपला न काढताच आत स्वयंपाकघरापर्यंत, आणि आईला म्हणाले, ‘राहिलो.’ जुनी उर्दू दफ्तरं समजून सांगायला कोणीतरी इथे हवंच, असं माथुरसाहेबांनी वर कळवलं होतं आणि ते मानलं गेलं होतं. आईनं ‘चपला!’ एवढंच ओरडून डोळ्यांना पदर लावला आणि शिऱ्यासाठी रवा काढला. बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, आणि संध्याकाळी घंटी वाजली.

जब्बारमियाँ खुर्चीवर टेकले, शिरा खाल्ला, चहा प्यायले. कपबशी कुठली ते कोणी पाहिलंही नाही. सगळे आत गेल्यावर मी त्यांना हळूच विचारलं, ‘उस्ताद, त्या दिवशी बुवा चुकले ना?’ माझी हिंदी तशीच, मराठीच जास्त, त्यांना कळायची. त्यांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं.

‘बुवा काँ चूकते,’ ते म्हणाले. ‘उनो बराबर थे. तुम चूके. और मैं आधा आवर्तन खा गया.’

मला पटेना. सम सोडली म्हणून त्यांनी माझ्या बोटांवर चापट्या मारल्या होत्या. त्यांच्या आजोबांपासून घरात तबला. आणि त्यांनी भर बैठकीत, सरळ चालणाऱ्या गवयाच्या पायाखालून अर्धा ताल काढून घेतला होता?

‘बुवा के पास गया था मैं,’ ते म्हणाले, ‘गुलबर्गा. सब बोल दिया. बहुत गुस्सा हुए, बाद में हँसे. बोले, मियाँ, पहले बोलते तो मैं बी आधा छोड़ देता.’

‘पण तुम्ही असं का केलं?’

त्यांनी गवसणीची नाडी सोडली, तबल्यावर हात फिरवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘सम का क्या है बेटी, एक दफे छूट गया तो अगले चक्कर में फिर आता. स्टेशन पे देखा ना मैं कित्ते दिन से? जो लोगां गए, उनो नै आते.’

आत आई शिऱ्याची कढई खरवडत होती. मियाँनी डग्गा माझ्याकडे सरकवला.

‘रोते कायकू,’ ते म्हणाले. ‘बैठो सीधा. तीनताल.’